पॉलिहाऊसमधल्या झिगबी सेन्सरचा सेल दोन महिन्यांत का बसतो?

हरितगृह१४
पॉलिहाऊसमध्ये झिगबीवर (कमी विजेच्या वायरलेस नेटवर्कवर) चालणारे १४ सेन्सर आहेत: एनआरएफ५२८४० रेडिओ चिपचं मॉड्यूल, एसएचटी४० (तापमान-आर्द्रता मोजणारा), सीआर२०३२ बटण सेल. झोपेत २.३ मायक्रोअँप, पोल (राउटरकडे काही निरोप आहे का, ही विचारणा) ३० सेकंदांनी, रिपोर्ट ५ मिनिटांनी. हिशेबाने ४-५ वर्षं चालायला हवेत, पण सव्वादोन महिन्यांत सेल बसतो. त्याच फर्मवेअरचे दोन सेन्सर घरात आहेत, ते ठणठणीत. पॉलिहाऊसचे दोन्ही राउटर (सेन्सरचे निरोप पुढे पाठवणारे) पंपाच्या स्टार्टरजवळ, शेतीच्या लाइनवर आहेत. दमटपणामुळे लीकेज होत असेल का?

मिलिअँप
लीकेज नाही. २२० एमएएच ६८ दिवसांत संपवायला सरासरी १३५ मायक्रोअँप लागतात, म्हणजे ३ व्होल्टवर बोर्डावर २२ किलोओहमची गळती हवी. सेल काढून मल्टिमीटरने बोर्डाचा रोध मोजलात की लगेच कळेल.

खरी गोम तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. शेतीच्या फीडरला लाइट आठच तास, म्हणजे रोज १६ तास राउटर बंद आणि सेन्सर पोरके. पॅरेंट (सेन्सर ज्या राउटरला जोडलेला असतो तो) गेला की त्याला शोधायला सेन्सर झिगबीचे ११ ते २६ असे सोळाही चॅनेल स्कॅन करतो. चॅनेलमागे साधारण १२५ मिलिसेकंद रिसीव्हर चालू धरला तर एका स्कॅनला २ सेकंद, ६ मिलिअँपने १२ मिलिकूलोंब. दर मिनिटाला स्कॅन असेल तर सरासरी २०० मायक्रोअँप; १६ तासांत ३.२ एमएएच. २२० भागिले ३.२ करून बघा, ६८-६९ दिवस येतात.

उलट एका पोलला जेमतेम ३० मायक्रोकूलोंब. एक फुकट स्कॅन म्हणजे ४०० पोल. त्यामुळे पोल ३० चा ६० सेकंद करून हाती काही लागणार नाही.

आधी राउटरला बॅकअप द्या. ५ व्होल्टचा राउटर २०० मिलिअँपच्या आत चालत असेल, तर १६ तासांना बॅटरीतून १६ वॉट-तास लागतात. बूस्ट सर्किटमधला तोटा धरून २५०० एमएएचचे दोन १८६५० लिथियम-आयन सेल समांतर जोडलेत तर कसंबसं भागतं, तीन बरे. चार्ज होत असतानाही आउटपुट चालू ठेवणारं सर्किट घ्या. काही पॉवर बँक लाइट येताजाता क्षणभर तुटतात आणि राउटर रीस्टार्ट होतो.

मग फर्मवेअर. आधी फक्त शेवटचा माहीत असलेला चॅनेल बघायचा, पूर्ण स्कॅन क्वचितच. दोन प्रयत्नांतलं अंतर १, २, ४ मिनिटं असं वाढवत ३० मिनिटांवर थांबवा. त्यात थोडी रँडम भर हवीच, नाहीतर लाइट आल्यावर चौदाही सेन्सर एकदम राउटरवर तुटून पडतील.

सोल्डरधूर
मिलिअँपशी सहमत. एक भर: सेल बहुधा पूर्ण संपलेला नसतो. वापरलेल्या सीआर२०३२ चा अंतर्गत रोध वाढतो, सलग दोन सेकंद ६ मिलिअँप ओढले की व्होल्टेज खाली जातं आणि चिप ब्राउनआउट होते (व्होल्टेज अपुरं पडून बंद पडते). मग रीसेट, पुन्हा स्कॅन, पुन्हा रीसेट. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५ मिलिसेकंदांच्या पोलला पुरतो (सगळा भार त्याच्यावर आला तरी ०.३ व्होल्टच उतरतील), स्कॅनसमोर मात्र काहीच नाही.

बॅटरी टक्क्यांवरही जाऊ नका. या सेलचा व्होल्टेज वक्र सपाट असतो. ८० टक्के दाखवत दाखवत मरतो.

हरितगृह१४
लाइन तीच आहे, बरोबर. पण राउटरला बॅकअप देण्याऐवजी चार सेन्सरनाच दोन एए सेलवर राउटर केलं तर?

मिलिअँप
नाही. राउटरला झोपता येत नाही, रिसीव्हर कायम उघडा. ६ मिलिअँप गुणिले २४ तास, रोज १४४ एमएएच. २५०० एमएएचचे सेल १७ दिवसांत गार. एंड डिव्हाइस (झोपणारा साधा सेन्सर) म्हणून एए घालणार असाल तर अल्कलाइन घाला. नवे लिथियम एए प्रत्येकी १.८ व्होल्टपर्यंत असतात, दोन मिळून ३.६, म्हणजे या चिपची कमाल मर्यादा.

बदल करण्याआधी एकदा मोजा. मल्टिमीटरची मायक्रोअँप रेंज चालणार नाही, स्कॅनच्या वेळी तिच्यातच व्होल्टेज पडून बोर्ड रीसेट होईल. पॉवर प्रोफायलर किट २ (करंट क्षणाक्षणाला नोंदवणारं उपकरण) लावा, राउटर बंद करून दहा मिनिटं रेकॉर्ड करा. दोन-दोन सेकंदांचे चौकोनी ठोकळे दिसले की त्यांच्यातलं अंतर मोजून इथे टाका.