पुष्पकचं मान्य, पण बसंतचं काय?

हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं पुष्पक हे हलकं विमान म्हणजे एरोंका चीफ या अमेरिकन विमानाचाच भारतीय अवतार, हे वरच्या कमेंटमधल्या भाऊंचं म्हणणं खरं आहे. पण त्यावरून त्यांनी काढलेला ‘हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं हलक्या विमानांत स्वतःचं डोकं कधी चालवलंच नाही’ हा निष्कर्ष पटत नाही. याच कंपनीनं पिकांवरच्या फवारणीसाठी बनवलेल्या एचए-31 बसंत विमानाचा विषय इथं कुणी काढलेलाच नाही. पहिल्या आराखड्यात वैमानिक पंखाच्या पुढच्या कडेवर बसायचा आणि औषधाची टाकी लगेच त्याच्या मागे. ते काही जमलं नाही. मग जवळपास नवीनच विमान आखलं: टाकी पुढे, कॉकपिट उंचावर, 250 ऐवजी 400 अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन. ते 30 मार्च 1972 रोजी उडालं. टाकी पुढे असण्याला कारण आहे. फवारणीचं विमान पिकाच्या अगदी डोक्यावरून जातं. तारेत अडकून आपटलं तर मागची भरलेली टाकी थेट वैमानिकाच्या पाठीवर येणार. अमेरिकेत विमानांचे आराखडे करणाऱ्या फ्रेड वाइक यांनी 1950 च्या एजी-1 या फवारणीच्या विमानात हाच विचार केला होता.

बसंत विमानं बनली मात्र 39च. आपल्या रावेर-यावलकडची शेतं बघा ना भो, दोन-चार एकरांचे तुकडे, बांधावर निंब-बाभूळ, मधून विजेच्या तारा. असं विमान वळवणार कुठं? आता केळीवर फवारायला ड्रोनवाला येतो, एकराप्रमाणे पैसे घेतो नि पुढच्या शेतात जातो.