ऊसतोडीच्या तळावर पाळणाघर हवं, की लहान मुलं गावीच ठेवावीत?

शिवारफेरी:
चर्चा सहा वर्षांखालच्या मुलांपुरती ठेवू. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, पाथर्डी-शेवगाव भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. शाळकरी मुलांसाठी निदान हंगामी वसतिगृह तरी आहे. सहाच्या आतल्यांचं काय? गावच्या अंगणवाडीत ती ‘स्थलांतरित’ म्हणून नोंदली जातात, आणि जिथे पोचतात तिथली अंगणवाडी दहाच्या आसपास उघडते. फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, कोयता पहाटे चार-पाचला लागतो. मधले पाच-सहा तास मूल कुठे असतं? बांधावर पाचटावर (उसाच्या वाळल्या पात्यांवर) अंथरलेल्या गोधडीत, गाडीखाली बांधलेल्या झोळीत, नाहीतर कोपीत (ताडपत्रीच्या झोपडीत) आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या मांडीवर. पाचटात झोपलेलं मूल मागे येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला दिसत नाही. विहीर, कॅनॉल, चुलीतला विस्तव, साप, आणि जुन्नर-आंबेगावकडे बिबट्या.

माझी मागणी: जिथे तळ पडतो तिथे हंगामभर पाळणाघर, पहाटे साडेचार ते संध्याकाळी पाच. केंद्राच्या २०१८ च्या पाळणाघर मार्गदर्शक सूचनांत मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा धरली आहे. १५ बाय २० फुटांची शेड म्हणजे ३०० चौरस फूट, त्यात २५ मुलं बसतात. तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक बाई, वरच्या २० मुलांमागे एक, शिवाय मदतनीस. केंद्राच्या पालना योजनेत पाळणाघर रोज साडेसात तास, महिन्याला २६ दिवस धरलेलं आहे. तळावर साडेबारा तास लागतात. हे मधले पाच तास कोण भरणार ते आधी ठरलं पाहिजे, कारण सगळ्यात धोक्याचे तास पहाटेचे आहेत आणि नेमके तेच कुठल्याच योजनेत येत नाहीत.

गोदाकाठ:
मला हे पटत नाही, आणि मुलांच्या काळजीपोटीच पटत नाही. तळावर सोय झाली की आज जी मुलं आजी-आजोबांकडे राहतात तीही गाडीत बसतील. टोळी जमवणाऱ्या मुकादमालाही ते सोयीचं, कारण मुलासाठी मागे राहणारी बाई मग मागे राहत नाही आणि नवरा-बायकोची जोडी पुरी होते. तळ ही मूल वाढवायची जागा नव्हे. ताडपत्रीची कोप, पाचटाचा धूर, संडास नाही, पाणी टँकरचं नाहीतर शेतातल्या बोअरचं.

हाच पैसा मूळ गावात लावा. शिरूर कासार, धारूर, वडवणी, पाटोदा या तालुक्यांत हंगामात गावंच्या गावं रिकामी होतात आणि मागे उरतात म्हातारी माणसं व पोरं. तिथल्या अंगणवाडीला ऑक्टोबर ते एप्रिल सकाळी आठ ते संध्याकाळी सहा पाळणाघर जोडा, तीन वेळचं खाणं द्या, आजीला मुलामागे महिन्याला काही रक्कम द्या. ओळखीचं घर, ओळखीची सेविका, लसीचं कार्ड तिथेच. साखरशाळांचंही हेच झालं. तळावर शाळा काढल्या, पण मुलांचं वर्ष दोन ठिकाणी तुटायचं. पुढे शिक्षण हक्क कायद्यानंतर भर गावातल्या हंगामी वसतिगृहांवर आला, तो उगाच नाही.

दंडघेर:
गोदाकाठ, तुमचं म्हणणं चार वर्षांच्या मुलाला लागू आहे, आठ महिन्यांच्या बाळाला नाही. अंगावर पिणारं मूल आईबरोबर जाणारच. पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध, नंतर वरच्या खाण्यासोबत दोन वर्षं तरी.

पण शिवारफेरी, तुमच्या आराखड्यातही मोठी चूक आहे. पाळणाघर तळावर आणि फड चार-पाच किलोमीटरवर असेल तर आई पहाटे पाजून गेली की दुपारीच भेटते. आठ-नऊ तास. दूध काढून ठेवावं म्हटलं तर ते सावलीतसुद्धा चारेक तासांपलीकडे ठेवू नये, आणि फेब्रुवारीनंतर ताडपत्रीखाली सावलीही तापते. शिवाय भांडं उकळायचं कोणी, कधी? मग बाळाला चहात बुडवलेलं बिस्किट, नाहीतर पाण्यासारखी पातळ पावडर. इकडे पाजलं न गेल्याने आईचं दूध आटत जातं, तिकडे बाळाला हगवण लागते, आणि दंडाचा घेर मोजायच्या पट्टीवर पिवळ्यातलं (मध्यम कुपोषित) बाळ महिन्याभरात लालमध्ये (तीव्र कुपोषित) जातं. एक वर्षाच्या आतल्यांसाठी छोटा तंबू फडाच्या बांधावरच हवा. पाच-सहा झोळ्या, एक बाई, आणि आईला साडेसातला व साडेदहाला वीस-वीस मिनिटांची सुट्टी. झोळी जमिनीपासून गुडघ्याएवढी उंच, त्याहून वर नाही, आणि दोरी गाडीच्या चाकाला कधीच बांधायची नाही.

टोळी पोचल्यावर पहिल्या तीन दिवसांत सहा महिन्यांपुढच्या प्रत्येक मुलाचा दंडघेर मोजा. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत म्हणजे तीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा असेल तर दर पंधरा दिवसांनी पुन्हा मोजायचं. दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबून सूज बघायची. सूज असेल तर घेर कितीही असो, मूल त्याच दिवशी दवाखान्यात. खाण्यात सगळे चुकतात ते पातळपणात. चमचा तिरका केला की ओघळून जाईल ते बाळाचं जेवण नव्हे, नुसतं पाणी. नाचणीचं सत्त्व किंवा खिचडी चमच्यावर टिकली पाहिजे आणि वाटीमागे एक चहाचा चमचा तेल. जुलाबाला एक लिटर पाण्यात जलसंजीवनीचं एक पूर्ण पाकीट. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात असं अंदाजाने करायचं नाही. सहा महिन्यांपुढच्या मुलाला झिंक २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून झिंक बंद करू नये.

गटऑफिस:
कारखान्याच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो. ‘तळ’ हा शब्द सगळे एकाच अर्थाने वापरताहेत. टायरगाडी-बैलगाडीच्या टोळ्या कारखान्याच्या आसपास एका जागी हंगामभर राहतात. त्याला गाडी सेंटर म्हणतात, तिथे शेड टिकते. डोकी सेंटरच्या, म्हणजे मोळ्या डोक्यावरून ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भरणाऱ्या टोळ्या तोडणी कार्यक्रमाप्रमाणे गावोगाव फिरतात. आज इथे, आठवड्याने पंधरा किलोमीटरवर. तिथे पाळणाघर बांधणार कुठे? आणि त्यांची भराई गाडी येईल तेव्हा. ट्रक रात्री अकराला लागला तर अकराला. साडेचार ते पाच हे वेळापत्रक त्यांना बसत नाही.

दुसरं, जबाबदारी. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा कोयत्याशी, म्हणजे तोडणाऱ्या जोडीशी. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर सांगितलं, पण या साखळीत ५० जणांचा मालक कोण ते कागदावर सापडत नाही. उद्या पाळणाघरात मूल भाजलं तर गुन्हा कोणावर? शेतकी विभागाचा माणूस तोडणीचं वेळापत्रक सांभाळेल, मुलं सांभाळायचं शिक्षण त्याला नाही. हे महिला व बालविकासने चालवावं. कारखान्याने जागा, पाणी, वीज द्यावी, एवढंच.

बालवाडीताई:
गटऑफिसचा गाडी-डोकी भेद अगदी बरोबर आहे. पण म्हणून फिरत्या टोळीच्या मुलांना सोडून द्यायचं का? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हाच प्रश्न सोडवला होता. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली. डोकी टोळीसाठी पेटीतलं पाळणाघर करता येतं: एक ताडपत्री, चार बांबू, दोन सतरंज्या, सहा झोळ्या, तोटीचं वीस लिटरचं पिंप, साबण, दंडघेराची पट्टी, सौरदिवा आणि खेळांची एक गोणी. टोळीचा संसार ज्या ट्रॅक्टरमधून हलतो त्यातच हे हलेल. फड कधी, कुठे बदलणार हे चिटबॉयला (कारखान्याच्या तोडणी-चिठ्ठ्या देणाऱ्याला) आधी माहीत असतं. तो निरोप सेविकेला गेला की झालं.

मात्र स्थानिक अंगणवाडी सेविकेलाच पहाटे साडेचारला उभं करायची कल्पना कुणी मांडू नये. तिच्याकडे गावची नोंदणी, गृहभेटी, पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी आणि आहारवाटप आहेच. त्यावर हे टाकलं की दोन्ही कामं बुडतील.

आणि शिक्षणाबद्दल. पहाटे मुलं झोपेतच उचलून आणली जातात. सातपर्यंत त्यांना झोपू द्या. साडेचारला दिवे लावून गाणी म्हणवून घेणारं पाळणाघर दुपारपर्यंत किरकिरीने बंद पडतं. सात ते आठ तोंड धुणं, शी-शू, न्याहारी. नंतर दीड तास खेळ, आणि सामान तिथलंच. उसाच्या कांड्या लहान-मोठ्या क्रमाने लावणं, वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्याच्या) पात्यांची वेणी, ओल्या मातीच्या भाकऱ्या, बैलांच्या घुंगरांचे आवाज ओळखणं. चिंचोके फक्त तीन वर्षांवरच्यांना, नाकात आणि घशात जातात. कांड्यांची टोकं घासून घ्यायची. पाटीवर अ-आ गिरवून घेऊ नका. पालकांना ते आवडतं, सेविकेलाही मुलं गप्प बसलेली बरी वाटतात, पण चार वर्षांच्या मुलाची बोटं त्याला तयार नसतात. राज्याच्या ‘आकार’ अभ्यासक्रमाचा भरही खेळावरच आहे.

भाषा विसरू नका. तांड्यावरून आलेलं मूल घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतं, कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलं तर अंगणवाडी कानडी. तीन वर्षांचं मूल पाणी मागू शकलं नाही तर ते दिवसभर मागतच नाही. म्हणून दोनपैकी एक बाई टोळीतलीच हवी.

गोदाकाठ:
टोळीतली बाई! तिथेच गाडी अडते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पाळणाघरात बसली की नवऱ्याचा अर्धा कोयता उरतो, आणि उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) दोघांच्या नावावर. ती येईल कशी?

शिवारफेरी:
तिच्या अर्ध्या कोयत्याएवढे पैसे दिले तर येईल. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्के वाढून टनाला ३६६ रुपये झाला. जोडी दिवसाला दोनेक टन तोडते, म्हणजे बाईच्या वाट्याला ३६६ रुपये, २६ दिवसांचे ९,५१६. अंगणवाडी मदतनीसाचं केंद्राने ठरवलेलं मानधन २०१८ मध्ये २,२५० रुपये झालं. या तफावतीमुळे पाळणाघरं कागदावर उघडतात आणि जानेवारीत बंद पडतात: बाई दोन आठवडे बसते आणि परत फडात जाते. रोजगार हमीत नियम सोपा आहे. कामावर सहाखालची पाच मुलं आली की एक बाई त्यांच्यासाठी नेमायची आणि तिला मजुरीच द्यायची. तोच नियम ऊसतोडीला लावा. पैसा गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे टनामागे जमा होतो, त्यातून द्या. आणि तेवढी उचल तिच्या नावावरून वळती करा, नाहीतर मुकादम खाडा (गैरहजेरीची कपात) लावेल.

दंडघेर यांचा बांधावरच्या तंबूचा मुद्दा मी मान्य करतो, माझ्या आराखड्यात तो नव्हता. गटऑफिस, तुमचा मान्य नाही. साखळी कारखान्यानेच उभी केली आहे. ऊस कुठे, कधी तोडायचा हे कारखाना ठरवतो, तर त्या वेळी मूल कुठे असेल हेही त्यानेच ठरवायला हवं.

गोदाकाठ:
तीनच्या आतल्यांसाठी तळावर सोय हवी, एवढं मी मान्य करतो. तीन ते सहाची मुलं गावीच राहावीत यावर मी ठाम आहे. त्या वयात सहा महिने एकाच अंगणवाडीत, एकाच भाषेत गेले तर पहिलीत ती मागे पडत नाहीत. आणि एकाच घरातली दोन वर्षांची तळावर, चार वर्षांची गावी, असं होणार हे मला दिसतं आहे. आईला ते जड जाईल.

बालवाडीताई:
जडच जाईल, आणि ती चार वर्षांच्यालाही घेऊनच निघेल. त्याला धरून योजना करा. बाळ सांभाळायला आणलेली नऊ वर्षांची बहीण पाळणाघरामुळे मोकळी झाली, तर ती त्याच दिवशी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसली पाहिजे. नाहीतर ती दुपारपासून मोळ्या बांधायला जाईल.

गटऑफिस:
जबाबदारीचं भांडण मिटेपर्यंत थांबू नका. गाडी सेंटरची जागा आम्ही सप्टेंबरात आखतो. पाळणाघराची जागा त्याच वेळी मागा: गाडीवाट आणि वजनकाट्याच्या रांगेपासून लांब, विहिरीला कुंपण असलेलं, चुलींचा धूर वाऱ्याने येणार नाही अशा बाजूला. नोव्हेंबरात मागितलीत तर कोपी पडलेल्या असतात आणि उरते ती फक्त उकिरड्याकडची कड. डोकी टोळ्यांच्या रात्रीच्या भराईचं उत्तर मात्र अजून इथे कोणी दिलेलं नाही.

दंडघेर:
रात्रीसाठी पेटीतला तोच सौरदिवा, कोपीत मुलांपाशी राहणारी एक बाई, आणि तिला रात्रीचा वेगळा हजेरीपट. पहाटेची पाळी तिला द्यायची नाही. म्हणजे फिरत्या टोळीला दोन बाया लागतील, आणि शिवारफेरींचा हिशोब दुप्पट होईल.