मदत हवी आहे: दोन कंट्रोलर लावले की मारामारी सुरू

मंडळी, सुट्टीत भाच्यांना आमच्या लहानपणीचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम दाखवायचाय. परळच्या घरी माळ्यावर मशीन सापडलं, पण चालू होत नाही. म्हणून जुन्या लॅपटॉपवर (विंडोज १०, ४ जीबी रॅम) रेट्रोआर्क (जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, त्यात नेस्टोपिया कोअर (जुन्या मशीनची नक्कल करणारा भाग) घेतला. कॉन्ट्रा झकास चालतो.

कीबोर्डवर तिरकी गोळी झाडायला तीन कळा एकदम दाबल्या की एक हमखास गिळली जाते. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून दोन सारखेच यूएसबी कंट्रोलर आणले. स्वस्तातले, कबूल.

अ‍ॅनालॉगचं बटण दाबून लाल दिवा लागला की दिशांची बटणं मेलीच. दिवा विझवला की पुन्हा जिवंत! भाचा तर मुद्दाम माझा दिवा लावतो. शिवाय लॅपटॉप परत सुरू केला की पहिला खेळाडू कधी मी, कधी तो.

दिवा लागलेला असतानाही चालेल असं मॅपिंग (कुठलं बटण काय करेल ती जुळणी) सेव्ह करता येतं का? पोर्ट १ मधला (म्हणजे पहिल्या खेळाडूचा) डिव्हाइस इंडेक्स, म्हणजे त्याला कुठला कंट्रोलर हे ठरवणारा क्रमांक, बदलून पाहिला, टिकत नाही. की रेट्रोआर्क सोडून सरळ मेसेन (असंच दुसरं सॉफ्टवेअर) घेऊ? मला मेनूंचं हे जंगल तसंही झेपत नाहीये.

'नवा कंट्रोलर घे' हे बायकोने आधीच सांगितलंय.