सल्ला हवा: मे-जूनच्या सुट्टीत चीनमधल्या शाळेत इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक म्हणून जायचंय

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. अनुदानित माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते, बी.ए. बी.एड., पासपोर्ट भारतीय. उन्हाळी सुट्टीत चीनमधल्या शाळेत चार-पाच आठवडे विनामोबदला शिकवायचा विचार आहे. एक एजंट म्हणतोय, "टुरिस्ट व्हिसावर चला, तिकडे महिना १२,००० युआन मिळतील, व्हिसा नंतर बदलून देऊ." त्याची फी ८५,००० रुपये. दुसरीकडे एका चिनी शाळेशी ओळखीतून थेट पत्रव्यवहार सुरू आहे, ते राहण्या-जेवणाची सोय करतो म्हणतात, पैसे नाहीत. कोणता रस्ता धरावा? व्हिसा कोणता? वर्गात काय वाढून ठेवलंय? आणि मी शाकाहारी आहे, अंडं चालतं.

लालफीत

ताई, एजंटला आजच नकार कळवा. पगारी काम करायचं तर झेड व्हिसा लागतो, आणि झेडसाठी आधी शाळेनं तुमच्या नावानं कामाच्या परवानगीचं सूचनापत्र काढावं लागतं. टुरिस्ट व्हिसा तिकडे गेल्यावर झेडमध्ये बदलून मिळेल यावर विसंबून कुणीही विमानात बसू नये.

मुळात भारतीय पासपोर्टवर "इंग्रजीची शिक्षिका" म्हणून कामाची परवानगी मिळणंच अवघड आहे. परदेशी भाषाशिक्षकानं तत्त्वतः आपल्या मातृभाषेच्या देशाची भाषा शिकवावी, असा तिथला नियम आहे. व्यवहारात यादी सात देशांची धरतात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. पदवी आणि २ वर्षांचा अनुभव ही अट वेगळी. शिक्षणशास्त्राची पदवी किंवा मान्य टेफल (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं) प्रमाणपत्र असेल तर अनुभवाची अट सुटते, मातृभाषेची सुटत नाही. "१२० तासांचा ऑनलाइन कोर्स केला की झालं" असं जे लोक सांगतात ते हाच फरक गाळून सांगतात. आंतरराष्ट्रीय शाळांत इंग्रजी माध्यमातून गणित-विज्ञान शिकवणारे भारतीय असतात, पण तो विषयशिक्षकाचा दरवाजा आहे.

तुमच्या कामाची वाट दुसरी आहे. अल्पकालीन कामांबद्दलचे जे नियम जानेवारी २०१५ पासून लागू आहेत, त्यांत बिनपगारी स्वयंसेवक (किंवा ज्याचा मोबदला चीनबाहेरची संस्था देते असा) आणि मुक्काम ९० दिवसांपर्यंत, हे काम "नोकरी" धरलेलं नाही. त्यासाठी एफ व्हिसा. ९० दिवस ओलांडले की परत झेडचीच भानगड. तुमच्या चार-पाच आठवड्यांना एफ बरोबर बसतो.

शाळेकडून निमंत्रणपत्र मागवा. त्यात तुमचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, येण्या-जाण्याच्या तारखा, कुठे राहणार, काम काय, खर्च कोण करणार, शाळेचा पत्ता-फोन, सही आणि गोल शिक्का एवढं हवंच. "विनामोबदला स्वयंसेवा" हे शब्द स्पष्ट लिहून घ्या. निवास आणि जेवण शाळा देणार असेल तर तेही पत्रात येऊ द्या. रोख पॉकेटमनी देतो म्हणाले तर घेऊ नका, तिथून प्रकरण मोबदल्यात जातं.

झणझणीत_मिसळ

एवढं काय घाबरवताय! टुरिस्टवर जाऊन शिकवणारे ढिगानं आहेत, कुणी विचारत नाही.

लालफीत

विचारेपर्यंत विचारत नाहीत, मान्य. २०१३ पासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्याचं ८० वं कलम सांगतो: बेकायदा काम करणाऱ्याला ५,००० ते २०,००० युआन दंड, प्रकरण गंभीर असेल तर शिवाय ५ ते १५ दिवस कोठडी. कामाला ठेवणाऱ्याला माणशी १०,००० युआन, कमाल १ लाख. वर हद्दपारी झाली तर पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ती लिहावी लागते. शेजारच्या क्लासवाल्यानं तक्रार केली की तपासणी येते. २०२१ च्या "दुहेरी भार कमी" (म्हणजे मुलांवरचा गृहपाठाचा आणि शिकवण्यांचा भार कमी करण्याच्या) धोरणानंतर शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर बारीक लक्ष आहे, आणि एजंट टुरिस्टवाल्यांना बहुतेक अशाच ठिकाणी नेऊन बसवतात. त्याच धोरणात परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून ऑनलाइन शिकवणी घेण्यालाही बंदी आली, त्यामुळे "घरबसल्या चिनी मुलांना शिकवा" ही जाहिरात दिसली तर तीही सोडून द्या.

गोदाकाठ ताई, तुमच्या बाबतीतही एक पथ्य: निमंत्रण ज्या शाळेचं, त्याच शाळेत शिकवायचं. "शनिवारी आमच्या मित्राच्या क्लासमध्ये दोन तास या ना" याला गोड नकार.

सुटकेस_भरलेली

तारखांबद्दल. आपली सुट्टी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत, त्यांचं दुसरं सत्र जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालतं, म्हणजे मेळ बसतो. मात्र १ मेपासून त्यांची कामगार दिनाची सुट्टी असते आणि ७-८ जूनला काओखाओ, म्हणजे बारावीनंतरची प्रवेशपरीक्षा. ज्या शाळांत तिचं केंद्र असतं त्या बंद राहतात. नववीची परीक्षाही जूनमध्येच. तेव्हा ६ मे ते ५ जून हा तुकडा धरा. जूनच्या मध्यापासून सगळीकडे उजळणी चालते, पाहुण्या शिक्षिकेला कुणी तास देत नाही. नववी आणि बारावी मागूच नका. तिसरी ते पाचवी किंवा सातवी मागा.

सुट्ट्यांची एक गंमत लक्षात ठेवा: मोठी सुट्टी जोडून द्यायला ते एखादा शनिवार-रविवार कामाचा करतात. शाळेकडून प्रत्यक्ष दिनदर्शिका मागवल्याशिवाय तिकीट काढू नका.

संस्थेची परदेशप्रवासाची परवानगी लेखी घ्या, अनुदानित शाळेत हे आधी. पासपोर्टची मुदत ६ महिने पुढे आणि कोरी पानं २ हवीत. अर्ज मुंबईच्या चिनी व्हिसा केंद्रात. व्हिसा हातात आला की त्यावरच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचा: कोणत्या तारखेपर्यंत प्रवेश करायचा, आणि प्रवेशानंतर किती दिवस राहायचं. दिवस प्रवेशाच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. जास्त राहिलात तर दिवसाला ५०० युआन, कमाल १०,०००.

पोहोचल्यावर २४ तासांच्या आत पोलिसांकडे निवासाची नोंद. हॉटेलात ते हॉटेलच करतं. शाळेच्या वसतिगृहात मात्र शाळेच्या माणसाला तुमच्यासोबत पोलीस चौकीत यावं लागतं, आणि शाळा बहुतेक "उद्या करू" म्हणते. राहिली तर दंड २,००० युआनपर्यंत होऊ शकतो. रात्री पोहोचणार असाल तर पहिली रात्र परदेशी पाहुणे घेणाऱ्या हॉटेलात काढा, सकाळी शाळेत जा, म्हणजे घाई होत नाही.

(पुढे कधी झेडवर विषयशिक्षिका म्हणून जायचं ठरलं तर: चीन अपोस्टिल करारात (एकाच शिक्क्यावर परदेशी कागदपत्रं मान्य करण्याचा करार) नोव्हेंबर २०२३ मध्ये आला, पण भारत-चीन जोडीला तो लागू नाही. पदवीवर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि मग चिनी दूतावासाचं साक्षांकन, हीच जुनी साखळी. अपोस्टिलच्या स्टिकरवर पैसे घालवू नका.)

फळा_खडू

आता वर्गाबद्दल, कारण खरी कसोटी तिथे आहे. मुलं ४५ ते ५०, तास प्राथमिकला ४० मिनिटं. व्याकरण आणि परीक्षा त्यांची स्वतःची शिक्षिका बघते, तुम्हाला देतात तो संभाषणाचा तास, तोही एका वर्गाला आठवड्यातून एकदा. म्हणजे इयत्तेच्या १२ तुकड्या असतील तर एकच धडा १२ वेळा. चार आठवड्यांना चार-पाच धडे पुरतात, पण ते घासूनपुसून हवेत.

नव्या माणसाचा धडा हमखास एका जागी पडतो. तो विचारतो, "तुमचा छंद कोणता, कोण सांगेल?" शांतता. मग पुढच्या बाकावरची तीन हुशार मुलं बोलतात, उरलेली ४५ माना खाली घालून बसतात. मुलांना येत नसतं असं नाही, सगळ्या वर्गासमोर चुकायचं नसतं. म्हणून एकट्याला उभं करण्याआधी तीन पायऱ्या: सगळ्यांनी एका सुरात, मग रांगेरांगेनं, मग शेजाऱ्याशी. सगळे एकदम बोलत असताना चूक ऐकू येत नाही, आणि तोंड तिथेच सुटतं.

माझी विभागणी: ३ मिनिटं नमस्कार-चमत्कार, ७ मिनिटं नवे शब्द (सहा, फार तर आठ), १० मिनिटं सुरात आणि रांगेनं, १२ मिनिटं जोड्यांचं काम, ५ मिनिटं तीन-चार जोड्या पुढे, उरलेली ३ मिनिटं आवराआवर. ती ३ सोडू नका. घंटा झाली की मुलं मैदानाकडे धावतात आणि कार्डं गायब होतात.

जोड्यांच्या कामाला माहितीची दरी हवी, म्हणजे अ कडे जे आहे ते ब कडे नाही. अ च्या कार्डावर दुकानाच्या निम्म्या किमती, ब च्या कार्डावर उरलेल्या. विचारल्याशिवाय तक्ता भरत नाही. ४८ मुलांना २४ अ आणि २४ ब, एका ए-फोर कागदात चार कार्डं, म्हणजे १२ कागद. दोन वेगळ्या रंगांच्या कागदांवर छापा, मग कोण अ आणि कोण ब हे लांबून दिसतं. लॅमिनेट केलं तर बाराही तुकड्यांना तोच संच चालतो, पण मग तक्ता वहीत भरायला सांगा.

उच्चार: शेवटच्या व्यंजनाला स्वर चिकटवणं, 'थ'च्या जागी 'स', 'तो' आणि 'ती'ची अदलाबदल (बोली चिनीत दोन्ही एकसारखे ऐकू येतात), क्रियापदाचा भूतकाळ गाळणं. एका वेळी एकच पकडा. आणि आपलं कुसळ: पश्चिम या अर्थाचा 'वेस्ट' आणि कपड्यातला 'व्हेस्ट' आपण एकाच 'व'नं म्हणून मोकळे होतो. चिनी मुलंही तिथेच अडखळतात, तेव्हा तुमच्यामुळे चूक पक्की व्हायला नको. ओठ-दातांची जागा जायच्या आधी आरशासमोर बसवा आणि वर्गात नमुन्याला त्यांच्या पुस्तकाचा ऑडिओ लावा. कोणत्या प्रकाशनाचं पुस्तक आणि कोणता धडा चालू असेल, त्याचे फोटो शाळेकडून आत्ताच मागवा.

सुटकेस_भरलेली

+१. त्यात तांत्रिक भर: वर्गात बहुधा मोठा टच स्क्रीन असतो. यूट्यूब, गुगल, व्हॉट्सॲप तिथल्या वायफायवर चालत नाहीत. व्हिडिओ फाइल म्हणून पेनड्राइव्हमध्ये न्या आणि स्लाइडची पीडीएफही ठेवा, कारण तिथे डब्ल्यूपीएसमध्ये (पॉवरपॉइंटऐवजी वापरतात ते सॉफ्टवेअर) उघडलं की फाँट आणि ॲनिमेशन हलतात. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक असेल तर मोबाइलवर व्हॉट्सॲप चालतं, घरच्यांसाठी तेवढं पुरे. शाळेशी सगळा संवाद वीचॅटवर, म्हणजे तिथल्या व्हॉट्सॲपवर.

लालफीत

महत्त्वाचं राहिलंच. "माझा देश" या तासाला भारताचा किंवा जगाचा नकाशा स्लाइडमध्ये घालू नका, छापील नकाशा सामानातही नको. सीमा कशा दाखवायच्या याबाबत त्यांचा कायदा कडक, आपलाही कडक, आणि दोन्हीकडे चालेल असा नकाशा अस्तित्वात नाही. दिवाळीची रांगोळी, कंदील, योगासनं खुशाल दाखवा. पूजा-आरती नको, शाळेत धार्मिक कार्यक्रमाला मनाई आहे. भारताची ओळख करून द्यायला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेतच. १९३८ च्या वैद्यकीय पथकातून गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. तिकडे ते 'ख ती-ह्वा' या नावानं ओळखले जातात आणि वयस्कर शिक्षकांना ते नाव सांगावं लागत नाही.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटला नाही कळवलं. शाळेला निमंत्रणपत्राचा मसुदा आणि दिनदर्शिका मागितली आहे. जेवण आणि पैशांचं कुणी सांगेल का?

मेतकूट_भात

गोदाकाठ, "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. मापो तोफूत खिमा असतो, पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते आणि रस्सा हाडांचा. शाळेतल्या सहकाऱ्याकडून चिनीत कार्ड लिहून घ्या: मांस, खिमा, मासे, चरबी, मांसाचा रस्सा, चिकन पावडर नको, अंडं आणि दूध चालेल. ते खानावळीत दाखवा. टोमॅटो-अंडं आणि भात जवळपास सगळीकडे मिळतं. बटाट्याचा आंबटतिखट कीसही मिळतो, फक्त खिमा नाही ना ते बघा.

नेताना तूप, ताजी फळं, कच्ची कडधान्यं सामानात नकोत, कस्टमला निघतात. मेतकूट, दाण्याची चटणी, भाजणी, पॅकबंद मसाले ठेवा, वेष्टन न फोडलेले. हिंग दोन पिशव्यांत गुंडाळा, नाहीतर कपड्यांसकट सगळं घमघमेल. वसतिगृहात शेगडी चालते का ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी तासाभरानं खोलीत फ्यूज उडतो किंवा शेगडीच जप्त होते. वीज २२० व्होल्ट, म्हणजे चार्जर चालतील, पण आपल्या गोल पिना बसत नाहीत. ॲडॅप्टर इथूनच न्या.

पैसे: अलीपे आणि वीचॅट पे दोन्ही निघण्याआधी सुरू करा, पासपोर्टनं पडताळणी करून बँकेचं व्हिसा कार्ड किंवा मास्टरकार्ड जोडा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू आहे ना ते बघा, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं, आणि रोमिंग नसेल तर तिकडे गेल्यावर ओटीपीही येत नाही. २०० युआनपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वर गेलं की ३ टक्के, म्हणून मोठं बिल तुकड्यांत देता आलं तर द्या. यूपीआय आणि रुपे यांच्यावर अवलंबून राहू नका. ५०० युआन रोख जवळ असू द्या, सुट्ट्या नोटांत.