सांगलीहून लेह : दुचाकी प्रवासाचा मार्ग आणि मुक्काम यांविषयी सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ (सांगली) :
नमस्कार. आम्ही पाच मित्र, सगळे चाळिशी ओलांडलेले, जुलैअखेर दुचाकीने लेहला जाण्याच्या विचारात आहोत आणि सर्वांना मिळून जेमतेम १६ दिवसांची सुटी मिळते. चौघांकडे फ्युएल इंजेक्शनच्या ३५० सीसी गाड्या आहेत, तर पाचव्याकडे कार्ब्युरेटर असलेली जुनी १५० सीसी गाडी आहे. घरापासूनच गाडी चालवत निघायचे, मनालीमार्गे चढायचे, सरचूला तंबूत एक रात्र काढायची, लेहहून उमलिंग ला (ला म्हणजे खिंड) गाठायचा आणि श्रीनगरमार्गे उतरायचे, असा कच्चा आराखडा आहे. पावसाळ्यात कुंभार्ली आणि आंबेनळी घाट आम्ही अनेकदा केले असल्यामुळे चिखल आणि धुके यांची सवय आहे. उंचीची मात्र अजिबात नाही. कोठे चुकत आहोत ते जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

घाटवाट (सातारा) :
स्पष्टच सांगायचे, तर आपला मार्ग उलटा करावा. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर, कारगिल २,७०० मीटरच्या आसपास आणि लेह ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे या बाजूने मुक्कामाची उंची पायरीपायरीने वाढते आणि वाटेतला सर्वांत उंच फोटू ला ४,१०८ मीटरचा आहे. मनालीच्या बाजूने मात्र मनालीच्या २,०५० मीटरवरून एकदम सरचूच्या ४,३०० मीटरजवळ झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी ५,३०० मीटरहून उंच तांगलांग ला ओलांडायचा, हे सांगलीच्या सपाटीवरून गेलेल्या शरीराला झेपेलच असे नाही. तोच रस्ता लेहहून परतताना घेतला, तर तोपर्यंत शरीर उंचीला रुळलेले असते.

दुसरे म्हणजे जुलै टाळावा. २०२३ च्या जुलैमध्ये बियासच्या पुराने कुलू-मनालीचा रस्ता ठिकठिकाणी वाहून नेला होता. गणेशोत्सवाच्या तारखा पाहून ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबर ठरवल्यास रात्री थंडी अधिक लागेल, पण नाल्यांचे पाणी कमी झालेले असेल.

सांगली ते दिल्ली हे १,६०० किलोमीटरहून अधिक अंतर गाडीवर बसून कापण्यात जातायेता सहा दिवस खर्ची पडतील आणि त्यातून कंबरदुखीखेरीज फारसे काही हाती लागणार नाही. मिरजेहून गोवा एक्सप्रेस थेट दिल्लीच्या निजामुद्दीनला जाते. टाकी पूर्ण रिकामी करून आणि गोणपाटात नीट बांधून गाड्या आपल्या दोन-तीन दिवस आधीच पार्सलने पाठवाव्यात, कारण त्या आपल्याच रेल्वेने पोहोचतील हे गृहीत धरता येत नाही.

निवृत्त फौजी (अपशिंगे मिलिटरी) :
लेहला पोहोचल्यावर दोन पूर्ण दिवस काहीही करू नये. खारदुंग ला त्यानंतर. पहिल्या दिवशी बरे वाटते म्हणून बाजारभर हिंडणारे तरुणच दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दिसायचे, हे मी नोकरीत वारंवार पाहिले. साधी डोकेदुखी विश्रांतीने उतरते. परंतु चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागली, तर रात्र असली तरी त्या माणसाला खाली आणावे, सकाळची वाट पाहू नये. उंचीच्या त्रासावरचे डायमॉक्स हे औषध घ्यायचे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर. दारू पूर्ण वर्ज्य.

दुपारी बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढते, म्हणून पहाटे निघून ते सकाळीच ओलांडावेत. उंचीवर भूक मरते, तेव्हा जिभेला ओळखीचे काहीतरी जवळ असू द्यावे. सांगलीकरांना भडंग सुचवण्याची गरज नाही, पण बंद पुडे वर गेल्यावर फुग्यासारखे फुगतात, त्यामुळे ते ठासून भरू नयेत.

घाटवाट (सातारा) :
एक राहिले. लेहहून निघाल्यावर मनालीच्या वाटेवरील टांडीपर्यंत साधारण ३६५ किलोमीटर पंपाच्या भरवशावर राहू नये. टाकी काठोकाठ भरून प्रत्येकाने पाच लिटर पेट्रोल वेगळे घ्यावे. तसेच बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम तेथे चालत नाही, म्हणून निदान दोघांकडे पोस्टपेड हवे. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, ट्यूब आणि स्पार्क प्लग सोबत घ्यावेत, आणि ते बदलण्याचा सराव यवतेश्वरच्या घाटात एखाद्या रविवारी करून पाहावा.

कृष्णाकाठ (सांगली) :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. श्रीनगरमार्गे चढणे, लेहला दोन दिवस विश्रांती आणि मनालीमार्गे परत, हे ठरले. उमलिंग ला वगळला. १९,०२४ फुटांवरच्या छायाचित्रासाठी हट्ट धरणारा मीच होतो, त्यामुळे मीच माघार घेतली. कार्ब्युरेटरच्या गाडीविषयी मात्र कोणी बोलले नाही.

घाटवाट (सातारा) :
तांगलांग लावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. इंजेक्शनची गाडी त्याप्रमाणे पेट्रोल कमी करते, पण कार्ब्युरेटरला ते कळत नसल्यामुळे मिश्रणात पेट्रोल जास्त होते, प्लग काजळी धरतो आणि चढावर गाडी दम टाकते. कार्ब्युरेटरमध्ये लहान मेन जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) बसवून आणि सामान इतरांच्या गाड्यांवर वाटून ती जाऊ शकते. अशा गाड्या तेथे गेलेल्या आहेत. मात्र रोजचा पल्ला तिच्या वेगाने ठरवावा लागेल आणि तिला सर्वांत पुढे ठेवावे लागेल.

कृष्णाकाठ (सांगली) :
ती पुढे राहील. तिच्या मालकाने हा धागा वाचला असून, त्याचे सामान आम्ही चौघांनी वाहून न्यायचे आहे, एवढेच वाक्य त्याने दोनदा मोठ्याने वाचून दाखवले.