आईच्या तोलाचा आत्मविश्वास मोजून काय साधते?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर):
माझी आई ७४ वर्षांची आहे. श्रावणात अंगणातल्या शेवाळावरून तिचा पाय घसरला. हाड मोडले नाही, पण तेव्हापासून तिने टेकडीच्या गणपतीला जाणे सोडले आणि घरातही ती डाव्या हाताने भिंत चाचपत चालते. फिजिओथेरपिस्टनी १६ प्रश्न विचारून ५२ टक्के असा आकडा लिहून दिला. प्रत्येक प्रश्नात, अमुक काम करताना तोल जाणार नाही याची किती खात्री वाटते, एवढेच विचारले होते. मनातल्या भीतीचा आकडा काढून पुढचे पडणे कसे टळते, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, नागपूर):
ताई, ही एबीसी (अ‍ॅक्टिव्हिटीज-स्पेसिफिक बॅलन्स कॉन्फिडन्स, म्हणजे एकेका कामातला तोलाचा आत्मविश्वास) मोजपट्टी असावी, जी कॅनडातील संशोधक पॉवेल आणि मायर्स यांनी १९९५ मध्ये मांडली. जमिनीवरची चप्पल उचलणे, जिना चढणे-उतरणे, गर्दीत चालणे अशा १६ कामांसाठी ० ते १०० मध्ये खात्री सांगायची आणि सरासरी काढायची. ६७ च्या खालची सरासरी आली की आम्ही पडण्याचा धोका गृहीत धरून पुढे तपासतो. भीतीमुळे माणूस चालणे कमी करतो, चालणे कमी झाले की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात आणि मग तोल खरोखरच बिघडतो. म्हणून भीतीची दखल वेळीच घ्यावी लागते. माझ्या मते मात्र सरासरीपेक्षा एकेका कामाचे उत्तर अधिक बोलके असते, कारण व्यायाम कुठून सुरू करायचा ते त्यातून कळते. त्यात बर्फाळ फुटपाथवर चालण्याचाही एक प्रश्न आहे, जो आपल्याकडच्या आजी-आजोबांना केवळ कल्पनेनेच सोडवावा लागतो. ओल्या न्हाणीघराबद्दल मी वेगळे विचारतो, पण ते उत्तर सरासरीत धरत नाही. धरले तर आकड्याची तुलना करता येत नाही.

उत्तर (महाल, नागपूर):
आमच्या बाबांची अडचण उलटी होती. त्यांचा आकडा ९० च्या वर होता आणि उन्हाळ्यात ते स्टुलावर चढून कूलरच्या ताट्या बदलत असत. परंतु खुर्चीतून उठून ३ मीटर चालणे, वळणे आणि परत येऊन बसणे या चाचणीला त्यांना १९ सेकंद लागले. १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास धोका मानतात. उठताना त्यांना चक्करही येत असे, म्हणून डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या पुन्हा तपासल्या. तुमच्या आईचीही ही चाचणी अवश्य करून घ्या; पाय सक्षम आणि भीतीच मोठी असेल, तर उपाय निराळा ठरतो.

मूळ प्रश्नकर्ती:
आपण दोघांचे मनापासून आभार. आज कागद पुन्हा पाहिला: नजरेच्या उंचीवरचा डबा काढण्याला आईने ८० दिले आहेत, चप्पल उचलण्याला ३० आणि जिन्याला ४०. सोमवारी ती चाचणी करण्याची विनंती करणार आहे. अंगणातले शेवाळ आज ब्रशने घासून काढले.