मदत हवी आहे: एकाच तारेत कावळा आणि होडी, शिवाय त्यावरच गेम

रेघाळ_पान

नमस्कार मंडळी. मुंबईतल्या कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे आणि वार्षिक प्रदर्शनासाठी एक जोडकाम चाललं आहे. एकाच अखंड तारेचं शिल्प आहे. एका बाजूने उजेड टाकला की भिंतीवर कावळा दिसायला हवा, काटकोनातून टाकला की शिडाची होडी. शेजारी लॅपटॉपवर त्याच शिल्पाचा गेम असेल, खेळणाऱ्याने शिल्प फिरवत दोन्ही आकार शोधायचे. मूळ रेखाटनं शाईत आहेत, 30 सेंटिमीटर उंच, एका रेघेत काढलेली.

तार 22 गेजची जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) आहे. उभी केली की शीड झुकतं आणि कोणी शेजारून गेलं तरी थरथरत राहतं. साधारण 60 सेंटिमीटरवरून मोबाईलचा टॉर्च मारला तर कावळा छान येतो, होडीची डोलकाठी मात्र नागमोडी दिसते, कागदावर ती सरळ आहे. हॉलमधल्या साध्या एलईडी बल्बखाली सावली जवळपास दिसतच नाही.

गेम गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. तारेचे फोटो काढून ती ब्लेंडर या त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये गिरवली. आकार डोळ्यांना जुळलेला दिसतो तरी गेम ते मानत नाही, आणि सावलीतली तार मधूनमधून तुटते. झुकणाऱ्या जागी आधाराच्या तारा सोल्डर कराव्यात का? पण मग त्यांचीही सावली पडेल. कुठून सुरुवात करू?

पक्कड_आणि_कानस

आधार नको. अखंड रेघ हाच या कामाचा जीव आहे, तो घालवू नका. तार बदला.

गोल तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, वजन मात्र वर्गाने. 22 गेज म्हणजे 0.71 मिलिमीटर, 16 गेज म्हणजे 1.63. 16 गेज घेतली तर ताठपणा सुमारे 27 पट होतो, वजन 5 पट, म्हणजे तार स्वतःच्या भाराने जितकी झुकते त्याच्या पाचव्या हिश्शावर येते. थरथरही त्याच हिशेबाने कमी होते. हाताला मऊ लागते म्हणून अ‍ॅल्युमिनियमकडे वळू नका: त्याच जाडीत ते लोखंडाच्या एक तृतीयांशच ताठ असतं आणि साध्या सोल्डरने जोडलंही जात नाही.

मशीद बंदर स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला जा, तिथे तार किलोवर मिळते. 16 गेजची जी.आय. किलोला साधारण 60 मीटर भरते, अर्धा किलो भरपूर झाली. बांधकामावरची काळी बांधणीची तार घेऊ नका. वळते लोण्यासारखी, पण तितकीच सहज बिघडते आणि पावसाळी हवेत गंजते.

वेटोळ्यातून काढलेली तार जन्मतःच वाकडी असते. 3 मीटरचा तुकडा घ्या, एक टोक शेगड्यात (व्हाइस) आवळा, दुसरं ड्रिलच्या चकमध्ये. तार ताणून धरून हळू वेगाने थोडे वेढे द्या, सरळ होते. चष्मा लावा, तुटली तर टोक चाबकासारखं येतं. वाकवताना जी.आय. थोडी परत उसळते, म्हणून हव्या त्या कोनापेक्षा जरा जास्त वाकवा, आणि तोच बाक पुन्हापुन्हा सरळ करू नका. धातू तिथे कडक होऊन तडकतो. जी.आय. आचेवर मऊ करायला मुळीच जाऊ नका, जस्ताचा धूर विषारी असतो.

पायासाठी लाकडी ठोकळ्यात तारेपेक्षा किंचित मोठं, 25 मिलिमीटर खोल भोक पाडा आणि तार इपॉक्सीने बसवा. इपॉक्सी रात्रभर सुकू द्या.

कोनमापक

नवीन तार वाकवायच्या आधी रेखाटनं एकदा तपासा, कारण काही चुका तारेत नसून कागदावरच असतात.

दोन्ही चित्रं एकाच उंचीच्या पट्टीवर बसली पाहिजेत: सर्वांत खालचा बिंदू एका पातळीवर, सर्वांत वरचाही एका पातळीवर. तारेवरच्या प्रत्येक बिंदूची उंची दोन्ही सावल्यांत एकच असते. कावळ्यातून तिला डावं-उजवं मिळतं, होडीतून पुढे-मागे. आता कावळ्याची रेघ 22 सेंटिमीटरपर्यंत चढून चोचीपाशी 19 वर उतरली आणि पुन्हा चढली, तर त्याच वेळी होडीची रेघही 22 वरून 19 वर यायला हवी. शिडाची कड तर सरळ वर जाते. मग तार त्याच कडेवरून मागे फिरवून पुन्हा वर न्यायची. होडीच्या सावलीत ती रेघ रेघेवरच पडते, कोणाला कळत नाही. होडीचा तळ आडवा आहे, तर तेवढा वेळ कावळ्याची रेघ पावलाशी एका बिंदूवर थांबते, आणि कावळा पाहताना तो आख्खा तळ डोळ्याच्या रेषेत जाऊन ठिपका होतो. ही जागा साधली की काम फार देखणं होतं, तिथे वेळ द्या.

दोन्ही चित्रं आलेख कागदावर घ्या, रेघेवर सारखे क्रमांक टाका (40 बिंदू पुरतील) आणि तीन रकान्यांचा तक्ता करा: उंची, आडवं, खोली. पुठ्ठ्याचे दोन तुकडे काटकोनात उभे करून त्यांवर तेच कागद चिकटवा आणि तार त्या कोपऱ्यात धरून वाकवत चला. पाहताना एक डोळा मिटून, निदान 3 मीटरवरून पाहा.

खिडकीतला_उजेड

नागमोडी डोलकाठीचं कारण दिव्याचं अंतर. तुमची रेखाटनं समांतर किरण धरून बसवलेली आहेत, टॉर्चचे किरण फाकतात. शिल्पाची खोली 30 सेंटिमीटर, दिवा मध्यापासून 60 वर, म्हणजे तारेचा जवळचा भाग दिव्यापासून 45 वर आणि लांबचा 75 वर. जवळचा भाग दूरच्यापेक्षा 1.67 पट मोठा पडतो. होडीच्या चित्रात डोलकाठी सरळ असली तरी तीच तार कावळ्याच्या बाजूने आत-बाहेर करते, म्हणून सावली वळवळते. कावळ्यातही चूक तेवढीच आहे, पण पिसांच्या बाकात ती खपून जाते. दिवा 3 मीटरवर न्या, फरक 10 टक्क्यांवर येतो. शिवाय दिवा, डोलकाठी आणि तिची सावली एकाच उभ्या प्रतलात ठेवलीत तर अंतर काहीही असो, काठी सरळच पडते.

आता बल्ब. सावलीची धूसर कड म्हणजे दिव्याचा आकार गुणिले तार ते भिंत हे अंतर, भागिले दिवा ते तार हे अंतर. 60 मिलिमीटरचा बल्ब 60 सेंटिमीटरवर, भिंत तारेमागे 20 सेंटिमीटर: धूसरपणा 20 मिलिमीटर. त्यात 0.7 मिलिमीटरची तार विरघळणारच. लोहार चाळीत 3 वॅटचा एका चिपचा उघडा एलईडी मिळेल, सोबत हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) आणि एलईडीला जुळणारा ड्रायव्हर (त्याला योग्य वीजप्रवाह देणारं सर्किट) घ्या. उजेड देणारा भाग 5 मिलिमीटर धरला तर 3 मीटरवरून धूसरपणा 0.33 मिलिमीटर. अंतर पाचपट झालं की उजेड पंचवीस पटींनी घटतो, म्हणून हॉलचा तो कोपरा काळोखा हवाच. आयोजकांशी आत्ताच बोलून ठेवा.

दिवा आणण्याआधी सकाळच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर तपासून पाहा. सूर्याचे किरण जवळपास समांतर असतात आणि भिंत 20 सेंटिमीटरवर असेल तर कडा साधारण 2 मिलिमीटरच पसरतात.

चौकटीबाहेर

गेमचं सांगतो. फोटो जवळून काढले असतील तर ब्लेंडरमधली तार टॉर्चच्या सावलीइतकीच बिघडलेली असणार. फोटोवरून गिरवू नका, कोनमापक यांनी सांगितलेला तक्ता थेट वापरा: कर्व्हचे बिंदू तेच आकडे टाकून ठेवा, बेव्हल डेप्थ, म्हणजे रेघेला जाडी देणारा आकडा, 0.8 मिलिमीटर द्या (ती त्रिज्या असते).

'जुळलं' न म्हणण्याचं कारण बहुतेक हे: तुम्ही शिल्पाचं पूर्ण क्वाटर्नियन (ते कसं फिरलं आहे हे सांगणारे चार आकडे) लक्ष्याशी ताडून पाहत असाल. पण समांतर उजेडात बरोबर मागच्या बाजूने पाहिलं तरी तोच आकार आरशासारखा उलटा पडतो. खेळणाऱ्याला कावळा दिसतो, फक्त चोच दुसरीकडे, आणि क्वाटर्नियनच्या हिशेबात तो 180 अंश चुकलेला असतो. त्याऐवजी प्रकाशाची दिशा शिल्पाच्या लोकल स्पेसमध्ये (त्याच्या स्वतःच्या अक्षांच्या हिशेबात) आणा आणि लक्ष्यदिशेशी तिचा डॉट गुणाकार काढा (दोन दिशा किती जुळतात त्याचं माप, तंतोतंत जुळल्या तर 1). 0.99 च्या वर गेला की 8 अंशांच्या आत आलात. उलटा कावळाही चालवायचा असेल तर डॉटची अ‍ॅब्सोल्यूट किंमत घ्या. माझं मत: चालवा. ज्याला आकार दिसला त्याला नाही म्हणू नये.

माउसने फिरवताना एक्स आणि वायचे कोन वेगळे साठवू नका, ध्रुवाजवळ फिरणं अडकतं. कॅमेऱ्याच्या अक्षांभोवती ग्लोबल रोटेट करा आणि बेसिस, म्हणजे शिल्पाचे तीन अक्ष, अधूनमधून ऑर्थोनॉर्मलाइज करा (पुन्हा काटकोनात आणि सारख्या लांबीचे).

तार तुटते ती शॅडो मॅपच्या (गेम सावली ज्या चित्रात साठवतो त्याच्या) रिझोल्यूशनमुळे. डायरेक्शनल लाइटचं शॅडो मॅक्स डिस्टन्स मुळात 100 असतं, ते 5 वर आणा. तरी तुटली तर खरी सावली सोडून द्या. सबव्ह्यूपोर्टमध्ये (वेगळं चित्र काढणाऱ्या आतल्या पडद्यात) ऑर्थोगोनल, म्हणजे समांतर किरणांनी पाहणारा, कॅमेरा प्रकाशाच्या जागी ठेवा, तार सपाट काळ्या रंगात रेंडर करा आणि ते चित्र टेक्श्चर म्हणून भिंतीला लावा.

रेघाळ_पान

मनापासून आभार. तक्ता करायला घेतला, चोचीपाशी खरंच गाडी अडली होती. एक राहिलं: दोन भिंतींच्या कोपऱ्यात दोन्ही दिवे एकदम लावायचे आहेत. एकाचा उजेड दुसऱ्या सावलीवर सांडणार नाही ना?

खिडकीतला_उजेड

सांडेल, नळी लावा. काळ्या कार्डपेपरची 15 सेंटिमीटर लांब, 2 सेंटिमीटर व्यासाची नळी एलईडीवर बसवली की 3 मीटरवर झोत साधारण 40 सेंटिमीटर रुंद पडतो. शिल्पाचा मध्य दोन्ही भिंतींपासून 20 सेंटिमीटरवर ठेवा, म्हणजे 30 सेंटिमीटरची तार झोतात मावते आणि शेजारची भिंत बाहेर राहते. नळी आतून मॅट काळी हवी, चकचकीत कागदाने कडेला दुसरी सावली उमटते. नळी हीटसिंकला टेकू देऊ नका, कागद तापतो.